ऊसतोडणीचा दर ठरवताना बुडखाही पाहा

महोदय,

अनेक साखर कारखान्यांच्या वार्षिक अहवालात हल्ली पर्यावरणाचे स्वतंत्र पान असते. सहवीजनिर्मिती, इथेनॉल, प्रेसमडपासून (रस गाळताना उरणाऱ्या गाळापासून) गॅस, स्पेंटवॉश (मद्यार्क प्रकल्पाचे सांडपाणी) जाळणारा बॉयलर अशी त्यात माहिती असते. ही कामे गरजेचीच आहेत. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उसातूनच सुमारे ३,५०० टन पाणी आत येते; रस आटवताना वाफ होऊन निघणारे ते पाणी (कंडेन्सेट) थंड करून पुन्हा वापरले, तर बाहेरचे पाणी जवळजवळ लागत नाही. पण हे सगळे कारखान्याच्या कुंपणाच्या आतले झाले. सभासद शेतकऱ्याचा पैसा, जमिनीचा कस, पाणी आणि मजुराची कमाई यांचा फैसला फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात होतो, तोही तोडणीच्या दिवशी. त्याबद्दल अहवालात बहुधा एक ओळही नसते.

तोडणीची मजुरी टनावर मिळते. ऊस जमिनीलगत तोडायचा तर पूर्ण वाकावे लागते, कोयता मातीत जाऊन धार बोथट होते आणि दिवसाची मोळी कमी भरते. म्हणून घाव दोन इंच वर पडतो आणि उसाचा तेवढा बुडखा शेतातच राहतो. याला मजुराचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. जो दर आपण ठरवला, त्या दराने हेच शिकवले.

आता नुकसान पाहा. अडीच मीटर वाढलेल्या उसाचे पाच सेंटिमीटर शेतात राहिले, म्हणजे दोन टक्के ऊस राहिला. बुडखा जाड असल्याने वजनात हा तोटा त्याहून कमी नसतो, आणि साखर तर पक्व उसात बुडाकडेच जास्त असते. हेक्टरी १०० टन उत्पादन धरले तर दोन टन गेले. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा केली तरी सभासदाचे हेक्टरी पाच हजारांहून अधिक रुपये मातीत राहतात.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. उंच राहिलेल्या बुडख्यावरचे वरचे डोळे आधी फुटतात. त्या कोंबांना जमिनीत स्वतःच्या मुळ्या धरता येत नाहीत. ते वाऱ्याने लोळतात किंवा वाळतात आणि खोडव्यात (बुडख्यांतून पुन्हा वाढणाऱ्या पिकात) नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा पडतात. मग शेतकरी खोडवा लवकर मोडून नवी लागण करतो. म्हणजे पुन्हा नांगरट, पुन्हा बेणे आणि लागणीचे पाणीही पुन्हा. खोडव्याला पूर्वमशागत आणि बेणे लागत नाही, पीकही लवकर तयार होते. पाणी वाचवण्याचा तो आपल्याकडचा सर्वात स्वस्त मार्ग आहे, आणि तो कोयत्याच्या एका घावावर अवलंबून आहे.

पाचटाचेही (उसाच्या वाळलेल्या पानांचेही) तसेच. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. तोडताना ते सरीत पडले, तर पुढचे काम सोपे असते: बुडखे मोकळे करायचे, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणूखत टाकून पाणी द्यायचे. नंतरची रासायनिक खते पहारीने भोक घेऊन मुळाशी द्यायची. पण पाचट बुडख्यांवर अस्ताव्यस्त पडले की फुटवा दबतो, ते सरीत ओढायला वेगळे मजूर लागतात आणि शेतकरी काडी लावून मोकळा होतो. त्या आगीत सेंद्रिय कर्ब जातो आणि ठिबकच्या नळ्या शेतात असल्या तर त्याही वितळतात.

ठिबक मागे का पडते याचे एक कारण इथेच आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचे ठरवले, शेतकऱ्याला २ टक्के व्याजाने कर्जाची योजनाही आणली. मात्र पाणी पाळीने मिळते, वीज अनेकदा रात्री मिळते आणि शेततळे नसेल तर संच पडून राहतो. जिथे तो चालतो तिथेही तोडणीआधी लॅटरल (ठिबकच्या नळ्या) गुंडाळून ठेवल्या नाहीत तर कोयत्याखाली त्यांचे तुकडे होतात. एका हंगामात दोन-चार वेळा जोडण्या बसवल्या की शेतकरी पुन्हा पाट पाण्याकडे वळतो.

आमची सूचना अशी: तोडणीच्या मूळ दराला हात न लावता टनामागे २० रुपये गुणवत्ता भत्ता द्यावा. अटी तीनच. बुडखा जमिनीलगत हवा, पाचट सरीत हवे आणि ठिबक असल्यास नळ्या शाबूत हव्यात. फड संपला की कारखान्याच्या शेतकी खात्याच्या माणसाने शेतकरी आणि मजुरांची टोळी यांच्यासमोर दहा ठिकाणी बुडख्याची उंची मोजावी आणि आकडे चिठ्ठीवर लिहावेत. तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलली तर टोळी पुढच्या फडात गेलेली असते आणि वाद होतो. हेक्टरी १०० टनांना हा खर्च २,००० रुपये येतो. वाचणाऱ्या उसापुढे तो निम्माही नाही. सभासद आजही काही भागांत ‘खुशाली’ (मजुरांना दरापलीकडचे पैसे) देतोच. तिच्यातून लवकर तोड मिळते, चांगली तोड मिळेलच असे नाही.

भत्त्याचा पैसा मुकादमामार्फत (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदारामार्फत) देऊ नये. तो उचलीत (आगाऊ घेतलेल्या रकमेत) किंवा खाड्यात (गैरहजेरीच्या कपातीत) वळता झाला तर मजुराच्या हाती काही पडणार नाही आणि पुढच्या फडात घाव पुन्हा वर जाईल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, पण उचल आणि हिशेब बहुतेक पुरुषाच्या नावे असतो. भत्ता निम्मा-निम्मा करून दोघांच्या बँक खात्यांत जमा करावा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखाने टनामागे दहा रुपये देतात, त्याचा आणि याचा गोंधळ होऊ देऊ नये. ती कल्याणाची तरतूद आहे, ही कामाची मजुरी आहे.

तोडणी यंत्राने हा प्रश्न सुटेल असे म्हटले जाते. यंत्र जमिनीलगत तोडते, पाचटही पसरवते. पण त्याला साडेचार-पाच फुटांची सरी आणि लांब फड लागतात. शिवाय त्याने केलेल्या कांड्यांना दोन्ही बाजूंनी जखम असते, त्यामुळे त्या आंबतात लवकर. गव्हाणीत (कारखान्यात ऊस टाकतात तिथे) जायला उशीर झाला की डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ वाढतो, रस चिकट होतो आणि साखर उतारा घसरतो. वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्यांत कोयता आणखी बरीच वर्षे लागणार आहे.

इथेनॉलच्या उत्पन्नावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, हे ७ डिसेंबर २०२३ च्या केंद्राच्या आदेशाने दाखवले. उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर ऐन हंगामात बंदी आली, ती पुढच्या हंगामासाठी उठली ऑगस्ट २०२४ मध्ये. फडातली बचत अशा कोणत्याही आदेशावर अवलंबून नाही.

सभासदांनी वार्षिक सभेत साखर उताऱ्याशेजारी गटवार तीन आकडे मागावेत: बुडख्याची सरासरी उंची, पाचट न जाळलेले क्षेत्र आणि कोयत्यामागे उचल वजा जाता हाती पडलेली मजुरी. भत्त्याचा ठराव मात्र सप्टेंबरच्या सभेपर्यंत थांबवू नये. मुकादमांशी करार आणि उचलीचे वाटप पावसाळ्यातच होते, तेव्हा भत्त्याचे कलम संचालक मंडळाने जूनपूर्वी करारनाम्यात घालायला हवे.

— ऊसविकास व साखर तंत्रज्ञान क्षेत्रातील काही निवृत्त अधिकारी, कोल्हापूर