बाबा, तुमचं लिखाण सुखरूप आहे

प्रिय आई-बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. रविवारी मी "बाबा झोपले असताना कॉम्प्युटर जरा साफ केला" म्हणाले, ते अर्धंच खरं होतं. मी तो सगळा पुसून विंडोज नव्याने टाकलं. तुम्हाला न विचारता. तुमच्या आठवणींची प्रकरणं आणि फोटो आधी पेनड्राइव्हवर घेऊन, तपासून परत ठेवलेत. फाइली पूर्वीच्याच क्रमाने आहेत, अक्षरंही तेवढीच मोठी.

कॉम्प्युटरमध्ये कीलॉगर होता. आपण दाबू ती प्रत्येक कळ गुपचूप टिपून परक्याला पाठवणारा प्रोग्रॅम. पडद्यावर पासवर्डचे ठिपके दिसतात ना, हा कळ दाबताक्षणीच खरं अक्षर उचलतो. वरून काही कळत नाही. मशीन चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत एक अनोळखी नाव दिसलं, म्हणून डिफेंडरचं, म्हणजे विंडोजमधल्याच व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं, ऑफलाइन स्कॅन लावलं. ते विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतं, तेव्हा हाती लागला. तेवढाच काढता आला असता. पण त्याच्याबरोबर आणखी काय शिरलंय याची खात्री नव्हती, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं काम करता. मला झोप लागली नसती.

आई, बाबांना बोलू नकोस. ते मोफत टायपिंगचं सॉफ्टवेअर मागच्या खेपेला मीच घाईघाईत कुठूनसं उतरवून दिलं होतं. त्या फाइलची तारीख तीच निघाली.

बाबा म्हणतील, टाइपरायटरला असले रोग नव्हते. होते हो! मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत आणि लेनिनग्राडच्या अमेरिकी कचेरीत मिळून १९८४ साली आयबीएमच्या १६ टाइपरायटरांत रशियनांनी दडवलेली यंत्रं सापडली, टाइप होणारी अक्षरं रेडिओने बाहेर धाडणारी. आपल्या टाइपरायटरवर तुम्ही मला मांडीवर घेऊन, माझं बोट धरून पहिलं अक्षर उमटवलंत आणि मोठ्याने वाचलंत. अजूनही टाइप करताना प्रत्येक अक्षर ओठांत पुटपुटता. शनिवारी दारात उभी राहून ऐकत होते. त्याला कुणी परका कान लावून बसलाय, हे सहनच झालं नाही.

आता ऐका. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड आजच बदला. मशीन पुसलं तरी चोरीला गेलेले पासवर्ड परत येत नाहीत. दोन्हीकडे वेगळा ठेवा, आणि फोनवर कोड येण्याची सोय चालू करा. कोड कुणालाही सांगायचा नाही, अगदी मी मागितला तरी. कीबोर्डची वायर थेट मशीनमध्येच जातेय ना, मध्ये एखादा कळा टिपणारा बारका जोड नाही ना, तेही स्वतः वाकून न बघता आईला बघायला सांगा. कंबर सांभाळा. नवीन काही टाकायचं झालं तर मशीन आता वेगळा पासवर्ड मागेल. तो माझ्याकडे ठेवलेला नाही, आईच्या डायरीत शेवटच्या पानावर आहे. घर तुमचं, मशीन तुमचं.

आणि सतराव्या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद अर्धाच दिसेल. तो पुसण्यात गेलेला नाही, बाबा. तुम्ही तिथेच थांबला होतात.

तुमची,
छोटी