विषय : पाण्यात मध्यावर थांबणारा म्हणून विकलेला, तळाला जाऊन बसणारा लुअर (मासे धरायचं नकली आमिष)

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन विभाग
(कृपया ग्राहक सेवेकडे पाठवू नये. आत्ताच तिथून आलो आहे.)

महोदय,

तुमचा नऊ सेंटीमीटरचा, हिरव्या पाठीचा सस्पेंडिंग लुअर मी तीन नग घेतला. पावती आणि तक्रार क्रमांक सोबत जोडले आहेत. तक्रार तुमच्याकडून ‘ग्राहकाच्या वापरातील त्रुटी’ असा शेरा मारून बंद करण्यात आली आहे. ती उघडावी.

पाकिटावर छापलंय : ओढणं थांबवलं की जागेवर थांबेल, गळांसह वजन 18 ग्रॅम. हतनूर धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळींच्या कडेला मला नेमकं हेच हवं होतं. तिथे शिवडा आणि मरळ खोडाला चिकटून असतात. आमिष त्यांच्या तोंडासमोर क्षणभर घुटमळलं तरच झडप घालतात, नाहीतर ढुंकूनही बघत नाहीत. तुमचा लुअर घुटमळत नाही. ओढणं थांबलं की शेपूट खाली करून सरळ गाळात जातो, आणि हतनूरच्या गाळात आणि बाभळीच्या काट्यांत गेलेली वस्तू परत येत नाही. तीनपैकी एक तिथेच आहे. शेजारी जाळं आवरत बसलेल्या भोईदादांनी एकदा बघून निकाल दिला, “हाई ते दगडच शे रे भो.” तुमच्या टेक्निकल टीमला जे कळलं नाही ते त्यांना एका नजरेत कळलं.

आता ग्राहक सेवेशी झालेला तो फोन. हा भाग सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं आधीच ऐकवलं जातं. काढून ऐका.

“सर, लुअर कोणत्या पाण्यात वापरला?”
“तापीच्या.”
“तापी म्हणजे सी वॉटर का सर?”
“नदी आहे. मुलताईला उगम पावते.”
“ओके सर, म्हणजे गोड पाणी. आमचं टेस्टिंग खाऱ्या पाण्यात होतं. प्रॉब्लेम प्रॉडक्टमध्ये नाही, पाण्यात आहे.”

मी शांत होतो. खरंच होतो. विचारलं, मग मी काय करावं? होल्डवर टाकलं, बासरी वाजली, बराच वेळ वाजली. परत येऊन साहेब म्हणाले :

“सर, टेक्निकल टीमशी बोललो. पाण्यात थोडं मीठ मिसळून ट्राय करता येईल का?”

मी म्हटलं, धरण आहे हो.

“हो सर, थोडंसंच.”

हिशोब करून दिला पाहिजे म्हणून करून देतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. हतनूरचा उपयुक्त साठा 255 दशलक्ष घनमीटर. म्हणजे साधारण 89 लाख टन मीठ. एका मालगाडीत चार हजार टन धरले तर भुसावळ यार्डात दोन हजारांहून जास्त गाड्या लागतील, आणि धरणाला 41 दरवाजे आहेत, पावसाळ्यात ते उघडले की पुन्हा पहिल्यापासून. थोडंसंच.

बरं, मीठ घातलं तरी तुमचा माल वाचत नाही. उरलेले दोन नग मी जळगावच्या सराफाकडे नेऊन सोन्याच्या काट्यावर ठेवले. तो आधी हसला, मग त्यालाच गंमत वाटू लागली. एक भरला 19.64 ग्रॅम, दुसरा 21.08. एकाच पाकिटातले, एकाच साच्यातले! सोन्याचा कस बघायला ते पाण्यात बुडवून वजन करतात, तसं करून आकारमान काढलं : दोन्ही 19.1 घनसेंटीमीटर. आता तुम्हीच बघा. गोड्या पाण्यात मध्यावर थांबायचं तर वजन 19.1 ग्रॅमच्या आसपास हवं. पाकिटावरचे 18 ग्रॅम खरे असते तर लुअर वर तरंगला असता. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 धरली तर तो 19.58 ग्रॅमपर्यंत पेलेल, म्हणजे तुमचा हलक्यातला हलका नगसुद्धा समुद्रातही खालीच जाईल. छापील आकड्याने तरंगतो, नावाने थांबतो, हातात आला की बुडतो. हे टेस्टिंग नक्की कोणत्या समुद्रात झालं?

जड नग मी हॅकसॉने उभा कापला. तुमच्या डिझाइनरला हे माहीत असेलच, तरी लिहितो. पोटातल्या खोबणीत शिशाच्या दोन गोळ्या, त्या ठीक. वजन पोटात खाली राहिलं तरच लुअर कूस बदलत नाही. पण शेपटाच्या नळीत तिसरी, मोकळी गोळी आहे. कल्पना चांगली आहे, यात वाद नाही : फेकताना गोळी शेपटाकडे सरकते, त्यामुळे लुअर लांब जातो, आणि ओढायला लागलं की ती पुढे येऊन चुंबकाला चिकटते व तोल सावरते. फक्त शिसं चुंबकाला चिकटत नाही. कधीच चिकटलेलं नाही. तिथे पोलादी किंवा चुंबक धरेल अशी गोळी हवी होती. तुमची गोळी मागेच बसून राहते, तोंड वर होतं, ओठाची पट्टी पाण्याला कापतच नाही. चुंबक मात्र बसवला आहे, डिंक लावून, व्यवस्थित.

हे डिझाइन कुणीतरी मंजूर केलं. कुणाच्या तरी सहीने साचा बनला. आणि मला सांगतात मीठ घाला.

तुमचा जुना पितळी स्पून (चमच्यासारखं पत्र्याचं आमिष) मी अजून वापरतो. कडी बदलली, गळ बदलले, पण पत्रा तोच आहे. पितळ ओळखणारी माणसं तुमच्याकडे होती तेव्हाचा तो माल. आता वेष्टनावर होलोग्राम आहे आणि आत शिशाला चुंबक. शिशाचा विषय निघालाच आहे तर, ब्रिटनने 1987 साली मासेमारीच्या शिशाच्या छोट्या वजनांवर बंदी घातली, पक्ष्यांच्या पोटात जातात म्हणून. माझा गाळात गेलेला नग ज्या पाण्यात फुटेल ते पाणी आजूबाजूची गावं पितात. टंगस्टनची घनता 19.3, शिशाची 11.34. टंगस्टन महाग पडतं हे समजतं. पण त्याच पैशात तुम्ही होलोग्राम छापता.

मला तिन्ही नगांचे पैसे हवेत, गाळातल्यासकट. कापलेल्या नगाबद्दल ‘वस्तू मूळ स्थितीत नाही’ असं उत्तर पाठवू नका. मूळ स्थितीत तो बुडतच होता. या खेपेचा माल दुकानांतून परत घ्या, आणि ज्याने कधी गळ टाकला आहे अशा माणसाकडून लेखी खुलासा पाठवा.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, त्यामुळे मला वेळेशिवाय काही खर्च नाही. छापील वजन आणि खरं वजन यांतला फरक वैध मापन शास्त्र विभागाला वेगळा कळवतो आहे. सराफाच्या काट्याची चिठ्ठी तिथेही जोडणार.

ग्राहक सेवेतून पुन्हा फोन आला तर मी उचलणार नाही. उत्तर लेखी द्यावं.

एक ग्राहक,
भुसावळ