काकाजी, तुम्हाला पटलं नाही तरी

प्रिय काकाजी,

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, नातू वाचून दाखवेल आणि तुम्ही मधातच म्हणाल, "एवढं लिहून काऊन ठेवलं बाप्पा, तोंडानं सांगता येत नव्हतं काय?" नव्हतं येत. तुमच्यासमोर आभाराचं नाव काढलं की तुम्ही मोटर नाहीतर फवारणीचा विषय काढता आणि माणसाचं बोलणं तिथंच राहते, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहून टाकते.

तर आमचं पक्कं झालं. आफ्रिकेतल्या मलावीचं वर्क परमिट आलं, पुढच्या महिन्यात आम्ही चौघं मुंबईहून निघतो, अदिस अबाबाला विमान बदलून लिलाँग्वे आणि तिथून पुढं गाडीनं मिशन हॉस्पिटल. मी लेबर वॉर्डात नर्स, आणि हे तिथलं जनरेटर, सोलर, पाण्याचे पंप बघणार, आयटीआय केलेल्या माणसाची तिकडं लय गरज आहे म्हणतात. गावात अजून कोणाला आम्ही अमेरिकेत चाललो वाटते, एका मावशीनं तर आम्हाला दुबईलाच पाठवून दिलं आणि येताना खजूर आणजो म्हणून सांगितलं.

आधी त्या जन्मदाखल्याचं बोलते, कारण तो नसता तर मोठीचा पासपोर्टच झाला नसता. तिची नोंद ग्रामपंचायतीत झाली तेव्हा आम्ही नाव ठेवलं नव्हतं, बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवू म्हणून थांबलो, मग आधार, शाळा सगळीकडं नाव लागलं आणि त्या रजिस्टरातला नावाचा रकाना तसाच कोरा. तालुक्याला एकानं हे काम करून द्यायचे पाच हजार मागितले आणि हे देऊन टाकायलाही तयार झाले होते. तुम्ही पोलीस पाटील राहिलेले, तुम्ही म्हणाले, "पंधरा वर्षांच्या आत नाव टाकता येते, थोडीशी लेट फी लागते, त्याले पाच हजार कायचे?" ग्रामसेवकाकडं तीन गावं, कधी येईल काही नेम नाही, तर तुम्ही ग्रामपंचायतीच्या पायरीवर डब्बा घेऊन बसले. जुनं रजिस्टर कपाटाच्या वरच्या खणात गाठोड्यात बांधलेलं होतं, तुम्ही खुर्चीवर चढून ते खाली काढलं, या वयात, आणि धुतलेलं धोतर पूर्ण धुळीनं माखलं. काकू मला नंतर दोन शब्द बोलल्या त्यावरून, ते बरोबरच होतं.

पोलीस व्हेरिफिकेशनच्या वेळी तर शिपाई आमच्या घरी यायच्या आधी तुमच्याकडं चहा पिऊन बसला होता. आणि यलो फीवरच्या लसीला नागपूरला गेलो तेव्हा तुमच्या नातवानं त्याच्या रूमवर आमची सोय केली, स्वतः मित्राकडं झोपला. त्याचेही आभार, तुमच्यासारखाच आहे, कबूल करत नाही.

पण हे सगळं तुम्ही न पटता केलं, आणि मला खरं त्याबद्दलच लिहायचं होतं. त्या दिवशी ओट्यावर तुम्ही सरळ विचारलं होतं, "इथं काय दवाखाने लय झाले काय? मेळघाटात जा, झरीकडं जा, तिथं लेकरं मरून राह्यले, ते सोडून समुद्रापार काऊन?" यांनी पाचारण, प्रार्थना, देवाची इच्छा असं सांगायला सुरुवात केली आणि मी यांना डोळ्यानंच गप्प केलं. कारण तुमचा प्रश्न खोटा नव्हता. मी पांढरकवड्याकडच्या पाड्यांवर काम केलेलं आहे, मला माहीत आहे तिथं काय आहे. माझ्याकडं याचं पक्कं उत्तर अजूनही नाही, एवढंच सांगू शकते की आम्ही दोघांनी लय दिवस प्रार्थना केली, चर्चच्या मंडळीनं केली, आणि दर वेळी दार तिकडचंच उघडत गेलं. तुम्ही ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "मले नाही पटलं. पण म्हातारीचं काय करता ते सांगा." तिथून पुढं सगळं तुम्हीच बघितलं.

सासरे असते तर तुमच्याशी भांडले असते बहुतेक. ते यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक शिकून तयार होतात तिथं, मेसला स्वयंपाकी, 1983 ला सेमिनरी पुण्याला गेली आणि हे घर शेतीवर आलं. रात्री जेवताना ते सांगायचे, कुठून कुठून पोरं इथं शिकायला येत आणि कुठल्या कुठं जात, आणि मग म्हणायचे आपल्या घरातून एकजण तरी जायला पाहिजे. नातू हिस्लॉप कॉलेजला शिकतो ना तुमचा, त्याला सांगा, ते हिस्लॉप साहेब 1845 ला नागपूरला आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि त्याच फ्री चर्चनं 1875 ला मलावीत लिव्हिंगस्टोनिया मिशन काढलं. म्हणजे आपल्याकडं आणि तिकडं एकाच घरून माणसं आली होती. मला हे लय उशिरा कळलं आणि कळल्यावर जरा धीर आला.

तुरीचं तर सांगितलंच पाहिजे. नातवानं मोबाईलमध्ये मलावी टाकून बघितलं आणि तुम्हाला वाचून दाखवलं, 2021 मध्ये आपल्या सरकारनं त्यांच्याशी करार केला, वर्षाला 50 हजार टन तूर तिकडून आणायची. तुम्ही सकाळी सकाळी आमच्या दारात. "म्हंजे तू त्या तुरीवाल्याइकडंच चालली काय? तिकडची आली का इकडचा भाव पडते, अन् आमचीच पोरगी त्याह्यची सेवा कराले!" मला वाटलं खरंच राग आला. मग तुम्ही बसले आणि विचारत बसले, पाऊस कधी येते, जमीन काळी का लाल, रानडुक्कर हायत काय. पाऊस त्यांचा नोव्हेंबर ते एप्रिल आहे, आपण कापूस वेचतो तेव्हा त्यांची पेरणी. जाता जाता म्हणाले, "त्याहीले सांगजो, जरा कमी पेरा." सांगते नक्की, ऐकतील का माहीत नाही.

आणि चर्चमधला हंगामाचा सण. आमच्या तिकिटासाठी मंडळीनं लिलाव ठेवला होता, गहू, कोंबड्या, अंडी, एक कोहळं. तुम्ही गळ्यात तुळशीची माळ घालून चर्चच्या मागच्या बाकावर, आणि त्या कोहळ्याची बोली सुरू झाली तर तुम्ही थांबायचं नावच घेईना. घेतलं, पैसे मोजले, आणि ते कोहळं परत टेबलावर ठेवून म्हणाले, पुन्हा बोला. तीनदा विकलं गेलं ते. पाळक साहेब अजून तो किस्सा सांगतात.

टपरीवर लोकं काय बोलतात ते आमच्या कानावर येते, किती पैसे भेटते, कोणाकोणाला बाटवणार वगैरे. तुम्ही तिथं काय उत्तर देता तेही येते, ते इथं लिहिण्यासारखं नाही पण धन्यवाद.

आता कामाचं. शेत ठेक्यानं दिलं त्या माणसाकडून पैसे तुम्हीच घ्या, आईंच्या हातात दिले तर त्या नात्यात वाटून टाकतात. ई-पीक पाहणी नातू करणार म्हणाला आहे. आईंची बीपीची गोळी सकाळी एक आणि रात्री अर्धी, त्या घेतली म्हणतात आणि उशीखाली ठेवतात, तुम्ही विचारलं तरच खरं बोलतात. रविवारी चर्चला न्यायला यांचा मावसभाऊ येईल, तो विसरला तर ऑटोवाल्याला सांगा. फोन हरिपाठ झाल्यावर लगेच नका करू, तिथली घड्याळं साडेतीन तास मागं आहेत, मी ड्युटीवर असेन, रात्री नऊनंतर केला तर भेटते.

आणि तुम्ही हळूच सांगितलं ना, तिकडच्या तुरीचं मूठभर बियाणं आणजो म्हणून, ते काही जमणार नाही काकाजी, परवान्याशिवाय बियाणं आणलं तर एअरपोर्टवर काढून घेतात. काकूंना सांगा धोतराचं मनावर घेऊ नका, यांनी यवतमाळहून नवीन आणलं आहे, उद्या घेऊन येते.

तुमची,
शेजारची सिस्टर