डँडेलियन आणि हृदयरोग्याच्या गोळ्या

महोदय,

‘हृदयाचे रक्षण, दाह कमी’ असे सांगत डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रानवनस्पतीचा चहा, पूड आणि कॅप्सूल ऑनलाइन विकल्या जातात. हा दावा अगदीच हवेतला नाही. पानांतील ल्युटिओलिन आणि चिकोरिक आम्ल प्रयोगशाळेत पेशींमधील दाहकारक रसायने कमी करतात. २०१० मध्ये कोलेस्टेरॉलयुक्त खाद्यावरच्या सशांना मूळ व पाने दिली, तेव्हा रक्तातील चरबी सुधारली. माणसांवरचा, नेहमी दाखला दिला जाणारा प्रयोग २००९ चा. १७ जण, एकच दिवस, ताज्या पानांचा ८ मिलिलिटर अर्क तीनदा. मोजली काय, तर लघवी! पहिल्या मात्रेनंतर ५ तासांत लघवीच्या खेपा वाढल्या, तिसऱ्या मात्रेनंतर फरक पडला नाही. हृदयाचा त्यात प्रश्नच नव्हता.

खरी अडचण हृदयरोग्यांचीच आहे. १०० ग्रॅम ओल्या पानांत सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या हृदयरोग्यांच्या नेहमीच्या गोळ्याही पोटॅशियम शरीरात अडवून धरतात. त्यात मूत्रपिंड अधू असेल, तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. तेवढ्याच पानांत रक्त गोठवायला मदत करणारे के जीवनसत्त्व ७५० मायक्रोग्रॅमहून अधिक, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट. वॉरफरिन किंवा असेनोकूमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्याने पानांची पूड किंवा भाजी सुरू केली, की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) घसरतो आणि कृत्रिम झडपेवर गुठळी धरण्याची भीती वाढते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नसल्याने गाळलेल्या चहात फारसे उतरत नाही. पूड मात्र सगळीच पोटात जाते.

पित्ताशयात खडे किंवा पित्तनलिकेत अडथळा असेल, तर हे घेऊच नये. गाजरगवताने अंगाला खाज सुटणाऱ्यांनीही दूर राहावे. दोन्ही एकाच, शेवंतीच्या कुळातली. आपल्याकडची पिवळ्या फुलांची एकदांडी किंवा पाथरी उपटून कोणी ‘हेच ते’ म्हणत असेल, तर तेही चूक. डँडेलियनचा फुलाचा दांडा पोकळ, बिनपानाचा, एकाच फुलाचा असतो आणि मोडल्यावर चीक येतो. एकदांडीला चीक नसतो. पाथरीला असतो, पण तिचा दांडा फांद्या फुटलेला.

घ्यायचेच असेल, तर बाटली डॉक्टरांना दाखवून आधी रक्तातले पोटॅशियम व मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. लेबलवर मूळ की पान आणि अर्काचे प्रमाण हवे. ४:१ अर्काचे ५०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम वनस्पती. नुसते ‘डँडेलियन ५००’ एवढेच लिहिलेली बाटली परत करावी.

– औषधनिर्माणशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे