'अणुपाणबुडी' म्हणजे नेमकी कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनच्या 'अ‍ॅस्ट्यूट' वर्गातील पाणबुडीची बातमी आपल्या अंकात वाचली. मथळ्यात ठळक अक्षरांत 'अणुपाणबुडी'. चहा घेता घेता सौ.ने विचारले, "म्हणजे ही अणुबॉम्ब घेऊन फिरते का हो?" चूक तिची नाही, शब्दाची आहे.

या पाणबुडीतला अणू इंजिनात आहे, शस्त्रात नाही. तिच्यावर असतात ते स्पिअरफिश टॉर्पेडो आणि टोमाहॉक क्षेपणास्त्रे. दोन्हींत साधीच स्फोटके. ब्रिटनची अण्वस्त्रे वाहतात त्या 'व्हॅनगार्ड' वर्गाच्या पाणबुड्या, त्या निराळ्या. आपल्याकडेही तोच घोळ. रशियाकडून भाड्याने आणलेली 'चक्र' २०१२ मध्ये नौदलात आली, ती फक्त अणुभट्टीवर चालणारी. 'अरिहंत' मात्र अणुभट्टीवर चालते आणि अण्वस्त्रेही वाहते. वर्तमानपत्रांत दोघींना बिरुद एकच!

मी गोदीत उमेदवारी करून तिथेच निवृत्त झालो, म्हणून थोडे कौतुकही सांगतो. 'कलवरी'सारख्या डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायच्या तर पृष्ठभागाजवळ येऊन नळीने हवा ओढावी लागते, आणि नेमकी तेव्हाच ती हेरली जाण्याची भीती. 'अ‍ॅस्ट्यूट'ला ती यातायात नाही. एकदा भरलेले इंधन २५ वर्षे पुरते. प्राणवायू आणि पिण्याचे पाणी ती समुद्राच्या पाण्यातूनच काढते. अडते ते भटारखान्यात: सुमारे १०० खलाशांचा शिधा जेमतेम तीन महिने टिकतो. अणुभट्टी थकत नाही, पण तांदूळ-बटाटे संपतात! डोळा लावून बघायची पेरिस्कोपची नळीही तिला नाही; डोलकाठीवरचा कॅमेरा पाण्याबाहेर निघतो आणि कप्तान पडद्यावर बघतो.

एवढे असूनही २०१० च्या ऑक्टोबरमध्ये 'अ‍ॅस्ट्यूट' स्कॉटलंडच्या स्काय बेटाजवळ उथळ पाण्यात रुतली. कुणाला दिसू नये म्हणून बांधलेली बोट किनाऱ्यावरच्या लोकांनी उभ्या उभ्या पाहिली.

तेव्हा विनंती इतकीच, की 'अणुऊर्जेवर चालणारी' आणि 'अण्वस्त्रवाहू' हे दोन शब्द वेगळे वापरावेत. मथळ्यात जागा नसेल तर निदान बातमीच्या पहिल्या ओळीत.

– एक निवृत्त गोदी कामगार, घोडपदेव, मुंबई