ठाणे शोधलं, पोलीस ठाणे सापडलं

महोदय,

आमच्या संस्थेला बातम्यांची कात्रणं पुरवणारी सेवा हवी होती. नौपाड्यातल्या कचेरीत तिघांना बोलावलं. सगळ्यात गोड बोलणाऱ्याने 'ठाणे' शब्द टाकून नमुना दाखवला. पहिलंच कात्रण नागपूरच्या पोलीस ठाण्याचं, दुसरं सांगलीच्या! आपल्या दैनिकाच्या ठाणे पुरवणीत आलेल्या आमच्या दोन बातम्या मात्र गायब. त्या मी घरच्या रद्दीतून काढून त्याच्यापुढे ठेवल्या. दर लगेच खाली आला. (रद्दीवाल्याचे उपकारच!) शिवाय त्याच्या नमुना अहवालात बातमीचं मोल जाहिरातीच्या दराने लावलेलं, ही पद्धत २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी (जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) नाकारली आहे. तो रकाना काढायला लावला. करार वर्षाचा नाही, महिन्याचाच केला. त्यात मराठी पुरवण्यांची नावं लेखी घातली.

— एक जनसंपर्क अधिकारी, ठाणे