मूत्रपिंडाचे आनुवंशिक आजारही लक्षात घ्या

जागतिक मूत्रपिंड दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. मधुमेह आणि रक्तदाबाबद्दलचा इशारा योग्यच; पण आनुवंशिक आजारांचा त्यात साधा उल्लेखही नाही. अल्पोर्ट सिंड्रोमचेच पाहा. कोलॅजन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे मूत्रपिंडाची गाळणी हळूहळू निकामी होते, सोबत ऐकूही कमी येऊ लागते. माझ्या भाच्याच्या लघवीत रक्त दिसले, तेव्हा मूतखडा समजून सोनोग्राफ्याच होत राहिल्या. (नागपूरच्या उन्हात खड्याचाच संशय आधी येणार, हेही खरे!) वर्गात मागच्या बाकावर ऐकू येईना म्हणून कान तपासले, तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी दोन्हींची सांगड घातली. खडा काढणारे युरॉलॉजिस्ट वेगळे आणि या आजाराचे नेफ्रॉलॉजिस्ट वेगळे, हे बहुतेक घरांत ठाऊकच नसते. जनुक तपासणीने वेळीच निदान झाले, तर रामिप्रिलसारख्या औषधांनी डायलिसिस काही वर्षे लांबवता येते. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात नेफ्रॉलॉजी विभाग आहे. मुलाच्या लघवीत वारंवार रक्त आढळले, त्यातून आजोळी कुणाला डायलिसिस लागले असेल, तर फॅमिली डॉक्टरांनी थेट तिकडची चिठ्ठी द्यावी.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर